उजवीची जागा

मावशी अर्धी गाणी म्हणायची.

आमची दारं समोरासमोर. मधे अरुंद जिना, खाली लॉन्ड्री. मी घरात बसून चित्रपटांची उपशीर्षकं लिहिते, त्यामुळे दिवसभर तिच्या घरातलं ऐकू यायचं. भांडी घासताना ती मधेच "हो हो हो" म्हणायची. मग बराच वेळ नुसता नळ. मग लांब "आ" आणि पुन्हा गप्प. मला वाटायचं, बाई विसरते. एकदा दार उघडं होतं. पाहिलं तर ती ओलं ताट हातात धरून उभी होती आणि अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता. ती मोजत होती. तिच्या डोक्यात दुसरं कुणीतरी कडवं म्हणत होतं. त्याचं संपलं, आणि ही बरोबर जागेवर आली. "हो हो हो."

मी विचारलं, मधलं येत नाही का?

"येतं की. पण ते माझं नाही ना."

ती कोरसमध्ये गायची. उमेदीची सगळी वर्षं तिने तेच केलं. चित्रपट, जाहिराती, सरकारी माहितीपट, जे येईल ते. नायिकेच्या मैत्रिणी गातात तेव्हा त्यातली एक ती. शाळेतली मुलं गातात तेव्हाही त्यातलं एक ती, कारण खरी मुलं एका जागी उभी राहत नाहीत. एका साबणाच्या जाहिरातीत फेस गातो, तो फेस ती होती. हे ती गंभीरपणे सांगायची आणि मग स्वतःच हसायची.

स्टुडिओत तिला डावी म्हणत. एका माइकसमोर दोघी उभ्या राहायच्या. ही डावीकडे, तिची मैत्रीण उजवीकडे. रेकॉर्डिस्ट काचेमागून सांगायचा, डावी थोडी मागे, उजवी थोडी पुढे. तीच नावं पडली. चहाला तीच, हजेरीला तीच. दोघींचे आवाज इतके एकमेकांत मिसळायचे की एक जुना व्हायोलिनवाला म्हणायचा, या दोघींत डावं-उजवं करायची सोयच नाही.

मावशीने लग्न केलं नाही. ती भावाकडे राहायची. टीव्हीवर तिचं गाणं असलेला चित्रपट लागला की सगळे बसून बघायचे. शेवटी नावं सरकायला लागली की वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमचं आलं की सांगा हं, मी तोवर कुकर लावते." कोरसची नावं येत नाहीत. वहिनीला ते माहीत होतं. भाऊ गेल्यावर मावशी या खोलीत राहायला आली. वहिनीशी भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं.

मी साहित्यात एम.ए. केलेलं म्हणून ती मला एमे म्हणायची. "एमे, साखर आहे का?" "एमे, तुझ्या त्या पुस्तकांत गुडघेदुखीवर काही लिहिलंय का कुणी?" माझी तिच्याशी मैत्री होती, असं मी लोकांना सांगायचे तेव्हा लोक जरा थांबायचे. तिच्या-माझ्या वयात दोन पिढ्या बसल्या असत्या. पण दुपारी चहा प्यायला मला दुसरं कुणी नव्हतं. तिलाही नव्हतं.

एका दुपारी ती फोन हातात घेऊन आली. फोन छातीशी धरला होता, जसं गरम काही धरावं. एका तरुण संगीतकाराने तिला विचारलं होतं. कुठल्याशा जुन्या रेकॉर्डिस्टने तिचं नाव दिलं होतं. चित्रपटात एक म्हातारी अंगाई म्हणते. त्याला तालीम घेतलेला आवाज नको होता. घरातल्या बाईचा हवा होता. घरीच रेकॉर्ड करून पाठवा, म्हणाला. वाद्यांचा ट्रॅक मी देतो, तुम्ही फक्त आवाज पाठवा. ऐकून ठरवू.

"एकटीचा?" मी विचारलं.

"एकटीचा. आणि नाव येणार. ते मी आधी विचारून घेतलं."

मग ती बसली आणि तिने खरी अडचण सांगितली. तिला सूर नाही.

मला वाटलं चेष्टा आहे. ती चेष्टा करत नव्हती. खूप वर्षांपूर्वी एका रेकॉर्डिंगला मुख्य गायिका उशिरा येणार होती. वाद्यवाले खोळंबले होते. संगीत दिग्दर्शक म्हणाले, डावी, तू डमी म्हण. डमी म्हणजे नंतर पुसून टाकायचं गाणं. गायिका आली की तिच्या आवाजात पुन्हा होणार, तोवर वाद्यवाल्यांना धरायला एक आवाज. हिने म्हटलं. संपल्यावर काचेमागून, सगळ्यांच्या हेडफोनमध्ये, त्यांचा आवाज आला. "गोड आहे. पण हा आवाज एकटा टिकत नाही."

टिकत नाही म्हणजे सुरावर टिकत नाही. ती तेव्हाच समजली. त्यानंतर तिने कुणाकडे एकटीने गायची गोष्ट काढली नाही.

"आता म्हणे यंत्र निघालंय," ती म्हणाली. "सूर सरळ करतं. तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये बसतं. ते आपण घ्यायचं. आधी यंत्र, मग गाणं."

मी म्हणाले, आधी गाऊन तर बघा.

"आधी गवंडी येतो एमे, मग घर पडतं का?"

याचा अर्थ मला लागला नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून वाद संपला होता.

माझ्याकडे एक माइक होता. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची असं मी एकदा ठरवलं होतं. ते बारगळलं, माइक उरला. मावशीच्या खोलीत कपाटाची दोन्ही दारं उघडली, समोर दोरी बांधून त्यावर रजया टाकल्या. मधे एक माणूस उभं राहील इतकी जागा झाली. खालच्या लॉन्ड्रीत वाफेची इस्त्री होती, ती दर थोड्या वेळाने फुस्स करायची. पहिल्या दिवशी तो फुस्स आवाज मावशीच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी आला. लॉन्ड्रीवाला वर येऊन म्हणाला, मावशी, माझी इस्त्री तुमच्यापेक्षा तालात आहे. मग त्यानेच ठरवून दिलं. तो जेवायला दुकान बंद करेल तेव्हा आम्ही गायचं.

मी तीन सॉफ्टवेअर चाचणीपुरती उतरवून घेतली.

पहिलं आपोआप काम करणारं होतं. त्याला गाण्याची पट्टी सांगायची आणि किती घाईने सूर ओढायचा ते सांगायचं, की ते प्रत्येक सूर जवळच्या नेमक्या सुरावर नेऊन बसवतं. त्याने पट्टी विचारली. मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, काळी चार. सॉफ्टवेअरला काळी चार कळत नव्हतं, त्याला इंग्रजी अक्षर हवं होतं. मी पडद्यावर हार्मोनियमचं चित्र काढून पट्ट्या मोजत बसले. मावशी मागून सांगत होती, ती नाही गं, ती तीन, तिच्या शेजारची.

पट्टी सापडली. मावशीने पहिली ओळ म्हटली.

नीज आता, वारा दमला, सावल्या निजल्या दारी.

सॉफ्टवेअर लावून मी ती ऐकवली. "निजल्या" वर तिचा आवाज वरून खाली हळूच उतरत होता. मींड घेतली होती तिने. सॉफ्टवेअरने त्या उताराचे तुकडे केले. टक, टक, टक.

मावशी म्हणाली, "ही घसरगुंडी होती. याने जिना केला."

मी वेग कमी केला. तुकडे गेले, पण आवाजाला एक चकाकी आली, प्लास्टिकच्या फुलाला असते तशी. "बाळ झोपायचं नाही याने," ती म्हणाली. "घाबरेल." पहिलं बाद.

दुसरं, गाणं चालू असतानाच दुरुस्ती करायचं. गाणाऱ्याला आपला दुरुस्त आवाज तिथल्या तिथे हेडफोनमध्ये ऐकू येतो. मला हे फार आवडलं होतं. पण माझा कॉम्प्युटर जुना. दुरुस्त आवाज यायला किंचित उशीर व्हायचा. इतका किंचित, की मला बोलून पाहिलं तरी कळलं नाही. मावशी दोन ओळी गायली आणि तिची लय ओढल्यासारखी पडायला लागली. तिसऱ्या ओळीला ती वाद्यांच्या बरीच मागे होती. मी थांबवलं.

"काय झालं?"

"मागची बाई मागे राहते आहे," ती म्हणाली. "मी तिच्यासाठी थांबले."

"मावशी, मागे कुणी नाही. तो तुमचाच आवाज आहे."

तिने हेडफोन कानाशी दाबून पाहिले. मग म्हणाली, "असेल. पण कोरसमध्ये कुणी मागे पडलं तर आपण थांबतो. पुढे जात नाही." तिने हेडफोन काढून कपाटात ठेवले, हातरुमालाच्या घडीवर. दुसरंही बाद.

तिसरं सगळ्यात संथ होतं. ते काहीच आपोआप करत नाही. गाणं रेकॉर्ड झाल्यावर त्याचं चित्र काढतं. प्रत्येक सूर एक लांबट गोळा, आणि मागे आडव्या रेषा. गोळा रेषेवर असेल तर सूर बरोबर, वर असेल तर चढा, खाली असेल तर उतरा. माणसाने हाताने धरून एकेक सूर जागेवर आणायचा. हवा तर लांब करायचा, हवा तर आखूड.

मावशीने पडद्याजवळ तोंड नेलं. "दोरीवर कपडे वाळत घातलेत."

"हे तुमचं गाणं आहे."

"सगळं?"

मी हो म्हणाले. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिने स्वतःचं गाणं कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलेलं नसतं. पण तिने ऐकलंही नव्हतं. जे तिने गायलं त्यात ती कुठे होती, हे तिला कुठल्याच गाण्यात दाखवता आलं नसतं.

आम्ही तेच घ्यायचं ठरवलं. मग पूर्ण अंगाई रेकॉर्ड केली. ती रजयांच्या आत उभी राहिली. मी बाहेर. मला फक्त तिची पावलं आणि उजवा हात दिसत होता. गाताना त्या हाताची करंगळी मधूनमधून हलत होती. काहीतरी ओढल्यासारखी.

संपल्यावर ती बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "बघ. किती ठिकाणी गेले?"

मी पाहिलं. गोळे रेषांवर होते. कुठे एखादा केसभर खाली, कुठे एखादा वर, पण ते बहुधा तिने तसेच घेतले होते. मींड उताराने उतरत होती. मी हलवण्यासारखं शोधलं आणि मला सापडलं नाही.

"मावशी, सगळं सुरात आहे."

"नीट बघ."

"नीट बघितलं."

"मशीनला माझी लाज वाटत असेल. तू सांग खरं काय ते."

मी तिला बाहेर बोलावलं आणि दाखवलं. एकेक रेष, एकेक गोळा. तिने एक रेष बोटाने शेवटपर्यंत गिरवली. मग म्हणाली, "मग ते दिग्दर्शक तसं का म्हणाले असतील गं?"

 मी म्हणाले, माणसं चुकतात. ती उठून चहा करायला गेली. स्वयंपाकघरातून आवाज आला नाही. "हो हो" नाही, काही नाही.

त्या संध्याकाळी मी फक्त तिचा आवाज वेगळा काढून संगीतकाराला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. आवाज फार सुंदर आहे. अगदी असाच हवा होता. पण तुमची फाइल मधे मधे तुटते आहे. पुन्हा पाठवता का? शनिवारपर्यंत लागेल, नाहीतर मला दुसरा आवाज घ्यावा लागेल.

मी वायर बदलली. फाइल पुन्हा काढली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली. मग पहिल्यांदा, वाद्यांशिवाय, नुसता तिचा आवाज ऐकला. आतापर्यंत मी तो वाद्यांबरोबर ऐकला होता, आणि ऐकण्यापेक्षा बघितलाच जास्त होता.

नीज आता, वारा दम

ला, सावल्या निज

ल्या दारी.

फाइल तुटत नव्हती. मावशी तुटत होती. प्रत्येक ओळीत, शब्दाच्या मधोमध, आवाज स्वच्छ थांबायचा. कापल्यासारखा. आणि मग त्याच सुरावर, त्याच वजनाने, पुन्हा सुरू व्हायचा. मधे काहीच नाही. पडद्यावर गोळ्यांमध्ये मोकळ्या जागा होत्या. मला वाटलं होतं, गाण्यात असतातच तशा.

मी ते मावशीला ऐकवलं.  पहिल्या तुटीला तिने मान वर केली. दुसऱ्या तुटीला तिची करंगळी हलली. तिसऱ्याला ती म्हणाली, "थांबव."

मी थांबवलं.

"इथे ती असते," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. कोरसमध्ये ओळ संपते तिथे श्वास घ्यायचा नाही. तिथे सगळं जग श्वास घेतं. सगळ्यांनी एकदम घेतला तर गाण्याला भोक पडतं. म्हणून श्वास चोरायचा. शब्दाच्या पोटात घ्यायचा, शेजारची गात असते तेव्हा. आणि शेजारची घेते तेव्हा आपण गात राहायचं. दोघींनी एकमेकींच्या करंगळ्या धरलेल्या असायच्या. ओढली की, मी घेते आहे, तू सांभाळ. अशी ओळ असली तर ही "दम" सारख्या जागी घ्यायची, उजवी "सावल्या" सारख्या. सगळी वर्षं. दोघींनी मिळून एक ओळ अखंड म्हटली होती. एकटीने कुणीच म्हटली नव्हती.

"टिकत नाही," मावशी म्हणाली. तिने ते शब्द हळू म्हटले, नवीन भेटल्यासारखे. "ते सुराचं बोलत नव्हते."

ती हसली. हसू फार वेळ राहिलं नाही.

"इतकी वर्षं मी भलत्याच गोष्टीची लाज धरली, एमे."

शनिवारला थोडेच दिवस होते. आम्ही प्रयत्न केला. मी गाण्याच्या कागदावर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा केल्या, ओळ संपते तिथे. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि म्हणायची. "दम" आला की श्वास आपोआप आत. तिने ठरवून रोखला तर आवाज थरथरायचा आणि ओळीच्या शेवटी दारीचा "री" पोहोचायचाच नाही. एकदा पूर्ण ओळ जमली. ती आनंदाने माझ्याकडे वळली, आणि पुढच्या ओळीत पुन्हा तेच. "अंगाला सवय आहे," ती म्हणाली, "कुणीतरी आहे म्हणून." लॉन्ड्रीवाला खालून ओरडून विचारायचा, झालं का बाळ झोपून?

मग मी तिला न विचारता तिसरं सॉफ्टवेअर उघडलं. गोळा हवा तर लांब करता येतो. मी "दम" मधला सूर धरून ओढला, पुढच्या "ला" ला जोडला. जोड दिसेनासा केला. मग "निज". मग पुढचं. प्रत्येक मोकळी जागा तिच्याच आवाजाने भरली. मला ते काम नीट जमलं. ऐकून मलाच खरं वाटेना.

शुक्रवारी मावशीला ऐकवलं. ती खुर्चीत अगदी ताठ बसून ऐकत होती. पूर्ण संपेपर्यंत.

"छान झालंय," ती म्हणाली. "कोण आहे ही?"

"तुम्हीच."

"हो. पण हिला कुणाचीच गरज नाही."

पाठवू का, मी विचारलं. ती म्हणाली, उद्या सांगते. आधी तिला विचारते.

उजवी आता लेकीकडे राहते, दूर, रात्रभराच्या प्रवासाइतक्या अंतरावर. तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात आवाज गेला. पूर्ण गेला. हे मला माहीत होतं. त्यानंतर त्यांचे फोन होतात कसे, ते मात्र मी शनिवारी दुपारी पहिल्यांदा पाहिलं. लेक फोन उचलते, "मावशी, आई आहे, बोला" म्हणते आणि फोन आईच्या हातात देऊन निघून जाते. मावशी फोनचा आवाज मोठा ठेवून बोलते. पलीकडून उजवी फोनवर नखाने टिचकी मारते. एक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. एवढ्यात सगळं. मावशीने तब्येत विचारली, टिचकी. औषध घेतलंस का, टिचकी. जावई नीट बोलतो का, टिचकीला जरा उशीर झाला, आणि मावशी म्हणाली, "कळलं, कळलं."

मग तिने सगळं सांगितलं. यंत्राचं, जिन्याचं, मागे राहिलेल्या बाईचं. पलीकडे काही आवाज नव्हता, पण ती हसते आहे हे मावशीला कळत असावं, कारण मावशी हसण्यापुरती थांबत होती. मग ती म्हणाली, "आता दोन ऐकवते. नीट ऐक. मग विचारते."

मी फोन स्पीकरजवळ धरला. आधी पहिलं लावलं, तुटणारं.

नीज आता, वारा दम

आणि फोनमधून काहीतरी आलं. सूर नव्हता. नुसती हवा होती, खरखरीत, जोर लावून बाहेर काढलेली. ती "ला" पर्यंत राहिली आणि मग थांबली. पुढच्या तुटीला पुन्हा आली. बरोबर तेवढीच, तिथेच. मावशीने डोळे मिटले होते. तिची करंगळी टेबलाच्या कडेवर होती. मी फोन हलू नये म्हणून दोन हातांनी धरला. संपूर्ण अंगाईत एकही जागा रिकामी गेली नाही.

मग दुसरं लावलं. भरलेलं. पहिली ओळ सुरू झाली. "दम" वर फोनमधून हवा यायला लागली आणि मधेच थांबली. तिला कळलं असणार. मग शेवटपर्यंत पलीकडून काही आलं नाही.

मावशीने फोन माझ्या हातातून घेतला.

"एक म्हणजे पहिलं पाठवते," ती म्हणाली. "गेलं नाव तर गेलं, मला काही नाही त्याचं. दोन म्हणजे दुसरं."

एकच टिचकी येणार, याची मला खात्री होती. अजूनही मी त्या क्षणाशी येऊन अडते, कारण माझी इतकी खात्री होती.

टिचकी. मग थोड्या वेळाने आणखी एक टिचकी.

मावशी फोन तसाच धरून बसली. मला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. पण तिने ऐकलं होतं. तिने खाली बघत विचारलं, "नक्की?"

एक टिचकी. लगेच.

"तुझी जागा जाते त्यात. कळलं ना?"

एक टिचकी.

मावशीने माझ्याकडे बघून मान हलवली. मी दुसरी फाइल जोडली आणि पाठवली. पुढे संगीतकाराला ती आवडली, आणि चित्रपटाच्या शेवटी, सरकत्या नावांत, तिचं पूर्ण नाव आलं. एका वेगळ्या ओळीत. ते वाचायला वहिनीसुद्धा थांबली, असं कळलं. पण ते सगळं नंतर. तेव्हा पडद्यावर फक्त "पाठवले" एवढं आलं.

"गेलं गं," मावशी फोनमध्ये म्हणाली.

टिचकी.

"आता मला एकटीला म्हणायला शिकायला हवं. बोलावलं पुन्हा कुणी तर."

टिचकी.

"आणि तू?"

पलीकडे काही आलं नाही. याला एक किंवा दोन हे उत्तर नव्हतं. मावशीला ते माहीत असणार, तरी ती वाट बघत राहिली. तिचा अंगठा पेरांवर सरकत नव्हता. ती मोजत नव्हती. खाली लॉन्ड्रीवाल्याने शटर वर केलं. इस्त्री एकदा फुस्सली, पुन्हा फुस्सली.

मग लेकीचा आवाज आला. "मावशी, आई जरा आडवी झालीये. बोलू नंतर?"

"असू दे, असू दे," मावशी म्हणाली. "तिला पांघरूण घाल. मी उद्या करते."

लेकीने फोन ठेवला. मावशीने मात्र तो कानावरून लगेच खाली घेतला नाही. मी रजया दोरीवरून काढल्या, एकेक घडी घातली आणि खुर्चीवर ठेवल्या. मग दार ओढून माझ्या घरी आले. त्या दुपारी समोरच्या घरातून नळाचाही आवाज आला नाही.